दुकानात ‘न्हाई’ म्हणायचं न्हाई

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीच्या पोटातली तांब्याची तार कापून काढली की आम्ही ती एका पोत्यात टाकतो. रोज मूठ-दोन मूठ. पोतं कधी भरलं ते कळत नाही, उचलायला गेलं की कंबर सांगते. किश्शांचंही तसंच. मी काही ते जमवायला बसलो नव्हतो. पण गेल्या उन्हाळ्यात पोतं उचलायची पाळी आली, अन् वजन कळलं!

दुकान माजलगावातलं, मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. मोटारी, पंखे, कूलर नव्या तारेनं भरून देतो. मालक बाबूभाई. मी दगडू, कॉइल भरणारा. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं शिकलो ती मोटारींच्या पाट्यांवरून, बाबूभाईनं बोट धरून शिकवली.

उन्हाळ्यात बाबूभाईला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, अन् वाचा गेली. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सगळ्या बोलण्यातला एकच शब्द परत आला होता : “न्हाई.”

पोरगा अस्लम पुण्यात कंपनीत आहे. चांगला पोरगा. तो म्हणाला, “अब्बांना पुन्याला नेतो, अम्मीलाबी नेतो, दुकान भाड्यानं देऊन टाकू.” आता बाबूभाईची मर्जी काय, हे विचारायचं कुणाला? बाबूभाईलाच. अन् तो तर दूध पाहिजे का विचारलं तरी म्हणतो, “न्हाई!”

मी सावकाश माणूस. कॉइलचे वेढे घाईनं पडत नाहीत, एकावर एक चढले की मोटार परत जळते. पण त्या दिवसांत माझं बूड एका जागी टिकेना. शटर अर्धं वर करायचं, बसायचं, उठायचं, रस्त्याकडं बघायचं, परत बसायचं. बसलं की एकेक किस्सा आठवायचा.

*

आधी नेम सांगतो, मग बाकीचं कळंल.

बाबूभाईच्या उस्तादानं दुकान चालू केलं तेव्हा घालून दिलेला नेम : दुकानात आपण ‘न्हाई’ म्हणायचं न्हाई. उस्ताद म्हणायचा, “दीवारां सुनती रहती.” माझी आई घरात असंच म्हणायची, की वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, वंगाळ बोलू नये. म्हणजे दोघांचं एकच.

त्यामुळं गिऱ्हाईकानं विचारलं, “मोटार झाली का?” तर आमचं उत्तर, “होतीय.”

“बेअरिंग हाय का?” “येतंय.”

“आज मिळंल का?” “बघू की, बसा.”

रानात ऊस वाळतोय, लाईट कोणत्या टायमाला येईल त्याचा भरवसा नाही, अन् हा माणूस म्हणतोय बसा! गिऱ्हाईकं बसायची, उठायची, येरझाऱ्या घालायची. एकदा एक पाटील कावून ओरडले, “बाबूभाई, एकदा न्हाई म्हना, म्हंजी मी मरायला मोकळा!”

बाबूभाई शांत. “पाटील, तेबी होतंय. बसा.”

*

पण एखादी मोटार खरंच भरण्यासारखी नसते. बॉडीच फुटलेली. मग काय करायचं?

मग बाबूभाई हातातला पाना खाली ठेवायचा. पायानं चप्पल चाचपायचा. दुकानात तो अनवाणी असायचा, चपला उंबऱ्याशी. चप्पल पायात सरकवली की म्हणायचा, “जरा बाहेर येता का?”

दोन पायऱ्या उतरून समोरच्या कडुलिंबाखाली न्यायचा. गिऱ्हाईकाच्या खांद्यावर हात ठेवायचा. अन् तिथं, सडकेवर, दुकानाच्या भिंतींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगायचा, “न्हाई, भाऊ.”

जुन्या गिऱ्हाईकांना हे माहीत. बाबूभाईचा पाय चपलेकडं गेला की त्यांचे चेहरे पडायचे. मला हे काम कधी जमलं नाही. “तू जा बाबूभाई,” म्हणायचो अन् मान खाली घालून वेढे टाकत बसायचो.

एकदा गेवराईकडचा एक नवा कार्यकर्ता मंडळाची वर्गणी मागायला आला. पांढरेफेक कपडे, खिशाला दोन पेन. आकडा ऐकून बाबूभाईनं चप्पल शोधली. “जरा बाहेर येता का?”

त्याला वाटलं, माणूस मोठा दिसतोय, चारचौघांत नोटा काढत नाही! हसत हसत पायऱ्या उतरला. लिंबाखाली गेला, खिसा सैल केला.

“न्हाई, भाऊ.”

पुढच्या वर्षी तोच आला. या वेळी सरळ आत घुसला, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं अन् म्हणाला, “मी बाहेर येनार न्हाई! काय सांगायचं ते हितंच सांगा!”

बाबूभाईनं मुकाट गल्ला उघडला.

*

आमच्याकडं एक रिटायर गुरुजी येऊन बसायचे. शुद्ध बोलणारे. बाबूभाईच्या घरात दखनी, दुकानात मराठी, त्यामुळं त्याचं बाई-बाप्याचं गणित कायम कच्चं. “गुरुजी, तार तुटला.”

“तुटली म्हणावं, बाबूभाई.”

“गुरुजी, चहा आली.”

“आला म्हणावं. चहा आला!”

रोज हे चालायचं. एक दिवस बाबूभाई हातात कप धरून उंबऱ्यावर उभा राहिला. “गुरुजी, आमच्या घरात ही बाई हाय, तुमच्या घरात बाप्या. आता दारात उभी हाय. आत कशी बोलवायची ते लवकर सांगा, थंड व्हायली!”

गुरुजी इतके हसले की अर्धा चहा धोतरावर. वर बाबूभाई म्हणतो, “सांडला का सांडली?”

*

सर्जेराव नावाचा एक गडी दर उन्हाळ्यात मोटार जाळून आणायचा. बाबूभाईनं विचारलं, “आकडा टाकलता का बे लाईनीवर?”

सर्जेराव छाती काढून म्हणाला, “मी कवाच, कुठंच, कुनाच्याच तारंवर, कसलाच आकडा टाकला न्हाई!”

बाबूभाईनं पाना थांबवला. “सर्जेराव, खऱ्या मानसाला एक ‘न्हाई’ पुरती. तू एवढा कवाच, कुठंच, कुनाच, कसलाच कशापायी गोळा करून आनला?”

“बाबूभाई, नुसती एक ‘न्हाई’ वाऱ्यानं उडून जाती. पत्र्यावर दगडं नको का ठेवायला?”

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या टेम्पोकडं गेलं. मोटारीच्या शेजारी लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडा.

“अन् ह्यो काय?”

“त्यो? त्यो आंबे काढायचा हाय, दगडूकाका!”

सर्जेरावच्या रानात कवाच, कुठंच, कुठल्याच बांधाला, कसलंच आंब्याचं झाड न्हाई!

*

आमच्या गल्लीतले एक आण्णा. खुर्चीवर होते तेव्हा लांबून गाडी दिसली की चहावाला उठून उभा राहायचा. “आण्णा आले! आण्णा आलेत!” इलेक्शनला पडले. दुसऱ्याच दिवशी तोच चहावाला बाकावर बसूनच म्हणाला, “आण्णा आला बघ.”

गाडी तीच, आण्णा तेच, धोतराची घडीसुद्धा तीच.

आण्णांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून रस्त्यावर थांबायचे बंद झाले. एक दिवस मोटार जळाली म्हणून आमच्याकडं आले, पायरीवरच घुटमळले. आत यावं की नाही अशी पावलं.

बाबूभाई काम सोडून उठला. “या आण्णा, आलेत का? बसा. दगडूभाऊ, आण्णांना पानी.”

आण्णांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं अन् म्हणाले, “बाबूभाई, लई दिसांनी ‘आलेत’ ऐकलं.”

बाबूभाई मोटारीवरची पाटी पुसत होता. म्हणाला, “आण्णा, तुमची मोटार पाच एचपीची हाय. तुमी पडल्यावर काय तीनची झाली?”

*

बाबूभाईचा नेम फक्त दुकानापुरता. त्याची भरपाई घरी व्हायची. भाभी मला सांगायच्या, “दगडूभाऊ, दुकानात सगळ्यांना हो-हो करतात, अन् घरात पाय टाकला की चालू! भाजी न्हाई, पावन्यांकडं जायचं न्हाई, दवाखाना तर न्हाईच न्हाई. दिवसभराच्या साठलेल्या सगळ्या ‘न्हाई’ इथं आनून वततात!”

झटका आला तेव्हा अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी बरोबर गेलतो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, लई मायेच्या. वाकून विचारलं, “बाबा, नाव काय तुमचं?”

“न्हाई.”

“दुखतंय का कुठं?”

“न्हाई.”

“ह्या कोण, ओळखलंत का?” भाभीकडं बोट.

“न्हाई!”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या हळू आवाजात भाभींना समजवायला लागल्या, की मेंदूला मार बसला की असं होतं, मनात एक असतं, तोंडातून दुसरंच निघतं. भाभींनी पदरानं डोळे पुसले अन् म्हणाल्या, “मॅडम, हे तर आधीपासून असेच हैत!”

वॉर्डातले सगळे हसले. बाबूभाईसुद्धा अर्ध्या तोंडानं हसला. तेव्हा मला कळलं, आत माणूस पुरा जागा आहे.

*

घरी आणल्यावर मात्र हसायचं कमी झालं.

“चहा देऊ?” “न्हाई.” अन् डावा हात कपासाठी पुढं! शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा.

“पंखा लावू?” “न्हाई.” लावला की बरं वाटायचं. बंद केला की डोळे वटारायचा.

गुरुजी भेटायला आले. काठी टेकवून खाटेपाशी बसले. भाभींनी कप आणले तसे गुरुजी मोठ्यानं म्हणाले, “बाबूभाई, चहा आली!” अन् त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. बाबूभाईचे ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, सगळा जीव ओढून आणला, अन् निघालं काय, “न्हाई.” गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. 

अस्लम सुटी काढून आला होता. तिकडं चांगले उपचार आहेत, व्यायाम करून घेणारे लोक घरी येतात, सगळं त्यानं विचारून ठेवलेलं. त्यानं बापाचा हात हातात घेतला. “अब्बा, पुन्याला चलायचं ना?”

“न्हाई.”

मला जरा हुरूप आला. म्हटलं, “बघ, न्हाई म्हनतो.”

अस्लम माझ्याकडं वळला. “काका, चहालाबी न्हाईच म्हनतात अन् पितात. जेवायलाबी न्हाई म्हनतात अन् जेवतात. मग पुन्याचीच ‘न्हाई’ तेवढी खरी कशी धरायची?”

 मी खाटेजवळ सरकलो. “बाबूभाई, जायचं का?”

“न्हाई.”

“मग हितंच ऱ्हायचं का?”

“न्हाई!”

त्यानं डाव्या मुठीनं खाटेची पट्टी बडवली. एकदा, दोनदा. डोळ्यांत पाणी. ज्या माणसानं उभ्या जन्मात दुकानात कुणाला तोंडावर नकार दिला नाही, त्याच्याजवळ आता नकाराशिवाय काही उरलं नव्हतं, अन् तो नकार कुणाला ऐकू जात नव्हता. सर्जेराव म्हणायचा ते खरं, नुसती एक ‘न्हाई’ वाऱ्यानं उडून जाती. अन् बाबूभाईजवळ वर ठेवायला एक दगड नव्हता.

त्या दिवसापासून तर मी दुकानात बसणंच सोडलं. उभाच असायचो. तार हातात घ्यायची, ठेवायची. अस्लम दुकानात येऊन विचारून गेला, “काका, तुमाला काय वाटतं? खरं सांगा.”

सांगायचं होतं. पण मी दुकानात उभा होतो.

“बघू,” म्हणालो.

*

आता शेवटचा.

अस्लमनं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, “अब्बांना एकदा दुकान दाखवून आनू, मनाला बरं वाटंल.” रिक्षातून आणलं. मी अन् अस्लमनं प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या, आत ठेवलं. मी शटर पुरं वर केलं. चपला काढून उंबऱ्याशी ठेवल्या, त्याच्या अन् माझ्या.

ज्याला दुकान द्यायचं ठरत होतं तो मोबाइलवालाही आला होता. टेप घेऊनच. “काका, जरा सरका,” म्हणत भिंती मोजायला लागला. काचेचं कपाट कुठं, लाईटीची माळ कुठं, तोंडानं चालूच. एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला होता, ती मांडीला टेकवून दारातच उभा. कुणाला विचारावं त्याला कळेना.

बाबूभाई सगळं बघत होता. वार्निशचा डबा, पान्यांची फळी, माझं स्टूल.

“पानी देऊ का, बाबूभाई?” मी विचारलं.

त्यानं डावा हात पुढं केला. पाणी प्याला. काही बोलला नाही.

“अब्बा, पंखा लावू?” अस्लमनं विचारलं.

त्यानं वर पंख्याकडं बघितलं. तोंड बंद.

माझ्या हातातला पेला थांबला. घरातून निघताना दारात, रिक्षात, सडकेवर, सगळीकडं त्याचं “न्हाई, न्हाई” चाललं होतं. पायऱ्या चढल्यापासून एकदाही नाही! ओठ असे दाबून धरलेले, की पांढरे पडले होते.

अस्लमच्याही ध्यानात आलं. तो खुर्चीपुढं उकिडवा बसला. “अब्बा, दुकान यांना देऊन आपन पुन्याला चलायचं ना?”

बाबूभाई गप्प.

“बघा काका!” अस्लम म्हणाला. “हितं न्हाई म्हनत न्हाईत. म्हंजी राजी हैत.”

मोबाइलवाल्यानं टेप सरकन आत ओढला. “मग फिक्स ना, अस्लमभाई?”

बाबूभाईचा डावा पाय हलला. फरशीवर इकडं चाचपला, तिकडं चाचपला. अस्लमला वाटलं, मुंग्या आल्या. तो पाय चोळायला लागला. बाबूभाईनं पाय झटकला अन् परत चाचपायला लागला. मग माझ्याकडं बघितलं.

मी उंबऱ्याशी गेलो, चप्पल आणली अन् त्याच्या पायात सरकवली. दुसरीही घातली, त्या पायाला कळत नसलं तरी.

“काका, काय करताय?” अस्लम म्हणाला.

“धर खुर्ची,” मी म्हटलं.

बाबूभाईचा डावा हात दाराकडं होता. आम्ही दोघांनी उचलला, दोन पायऱ्या उतरवला, सडकेच्या कडंला लिंबाखाली ठेवला. एस्टी गेली, धुरळा उडाला. धुरळा खाली बसेपर्यंत बाबूभाई थांबला. मग त्यानं हातानं अस्लमला खाली वाकायची खूण केली. अस्लम वाकला. बाबूभाईनं डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

“न्हाई,” तो म्हणाला. अगदी हळू. मग बोट दुकानाकडं केलं.

अस्लमनं त्याच्या चपलांकडं अन् वर लिंबाकडं बघितलं. मग त्यानं बापाच्या पायातल्या चपला काढल्या, एका हातात धरल्या अन् मला म्हणाला, “काका, उचला.”

आम्ही बाबूभाईला परत आत आणून ठेवला. अस्लमनं चपला उंबऱ्याशी नीट लावल्या. दारातल्या शेतकऱ्यानं शेवटी धीर करून विचारलं, “काका, मोटार होईल का आमची?”

“होतीय,” मी माझ्या स्टुलावर बसत म्हणालो. “बसा.”

मोबाइलवाला टेप हातात घेऊन मधोमध उभा होता. एकदा बाबूभाईकडं, एकदा अस्लमकडं, मग माझ्याकडं बघितलं. “मग काका, जागेचं काय समजायचं मी?”

मी स्टुलावरून उठलो. पायानं माझी चप्पल शोधली.

“जरा बाहेर येता का?”